छोटा लाइव्ह म्युझिक बार काढला, तर त्याच्याभोवती स्थानिक बँडांचा 'सीन' कसा जमतो?

तुम्ही लिहिलंय की साठ-सत्तर माणसं मावतील एवढी जागा मिळतेय, स्टेज आणि साउंडवर खर्च करायची तयारी आहे, पण तिथे नुसते गिग्ज होऊन लोक घरी जाऊ नयेत. बँडांचा, ऐकणाऱ्यांचा एक गोतावळा तयार व्हावा. मी अशाच एका बारमध्ये नऊ वर्षं साउंडचा मिक्सर सांभाळला, म्हणून सविस्तर लिहितो.

गोतावळा गाणी चालू असताना जमत नाही. तो जमतो साउंडचेक (शोआधीची आवाजाची चाचणी) आणि शोच्या मधल्या रिकाम्या दोन तासांत, आणि शेवटचं गाणं संपल्यावर वायरी गुंडाळताना. त्यामुळे संध्याकाळची आखणी अशी करा की बँडांना एकमेकांसोबत वेळ काढावाच लागेल.

पहिली गोष्ट, स्टेजवर बारचा स्वतःचा एक ड्रम किट कायम मांडून ठेवा. बास ड्रम, टॉम आणि स्टँड तुमचे. स्नेअर (छोटा, कडक आवाजाचा ड्रम), सिंबल (झांजा) आणि पेडल ज्याने त्याने आणायचं. आम्ही हे केलं ते केवळ वेळ वाचावा म्हणून. प्रत्येक बँड आपला पूर्ण किट लावायला लागला की दोन सेटच्या मध्ये अर्धा तास जातो आणि तेवढ्यात अर्धे लोक उठून जातात. पण झालं असं की ड्रमर मंडळींना एकमेकांशी बोलावंच लागायचं. स्टूल किती उंच ठेवतोस, तुझं पेडल आज वापरू का, इथपासून सुरुवात. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे नेमाने वाजवणाऱ्या सहा बँडांत मिळून चारच ड्रमर होते! कुणी आजारी पडलं तर दुसऱ्या बँडचा मुलगा दोन दिवसांत गाणी बसवून उभा राहायचा. मला विचाराल तर सीन म्हणजे हेच, उसनवारी. गिटारचे अँप, तारा, वादक, गाडी, आणि शेवटी एकमेकांचे श्रोतेसुद्धा.

साउंडचेक उलट्या क्रमाने करतात. सगळ्यात शेवटी वाजवणारा बँड आधी, आणि सगळ्यात आधी वाजवणारा शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच ठेवून शो सुरू करता येतो. यात अनुभवी बँडला लवकर यावं लागतं आणि मग बराच वेळ बसून राहावं लागतं. आमच्याकडे एका रात्री तीन बँड असायचे आणि एकच अट होती: तिन्ही बँडांनी पहिल्या सेटपासून शेवटपर्यंत थांबायचं. नवख्या मुलांचं पहिलंच गाणं चार जुन्या वादकांनी पुढे उभं राहून ऐकलं, तर ती मुलं पुढच्या महिन्यात पुन्हा येतात आणि दोन गाणी नवी आणतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की या अटीवर मी अजिबात तडजोड करणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ठरलेला वार. न्यूयॉर्कचा सीबीजीबी हा बार १९७३ च्या अखेरीस सुरू झाला. त्या नावातली पहिली अक्षरं कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज यांची. मालक हिली क्रिस्टल यांना तेच संगीत हवं होतं. १९७४ मध्ये टेलिव्हिजन नावाचा बँड तिथे रविवारी वाजवू लागला, मग रमोन्स आले, पॅटी स्मिथ आली, आणि ती जागा पंकचं, म्हणजे वेगवान, रांगड्या रॉकचं घर झाली. लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लबही १९५७ मध्ये जॅझसाठी उघडला होता. तिथे दारूही मिळत नसे. त्या तळघरात बीटल्स १९६१ ते १९६३ या काळात ३०० च्या आसपास वेळा वाजले, कित्येकदा तर भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. एकाच खोलीत, त्याच त्या लोकांसमोर इतक्या वेळा वाजवल्यावर वादकाचं काय होत असेल ते तुम्हीच ताडा. या दोन्ही जागी मालकाने आधी ठरवलेलं संगीत टिकलं नाही. दार उघडं राहिलं, वार चुकला नाही, म्हणून दुसरंच काही रुजलं. तेव्हा 'आमचा बार अमुक प्रकारच्या संगीताचा' असं पाटीवर लिहायची घाई करू नका. आठवड्यातला एक आडवार नव्या बँडांना द्या आणि पाच माणसं आली तरी वर्षभर तो मोडू नका.

सीबीजीबीची आणखी एक अट घेण्यासारखी आहे: बँडने स्वतःची गाणी वाजवायची. कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, वाजवणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांच्यामुळे शनिवारचा गल्ला भरतो. पण लोकांना पाठ असलेली गाणी कोणीही वाजवली तरी चालतात. अमक्याचंच गाणं ऐकायला अमक्याच जागी जायचं, ही ओढ स्वतःच्या गाण्यांनीच लागते.

खोलीबद्दल. तीस माणसं आली तरी भरलेली वाटेल अशी मांडणी करा. टेबलं हलवता यावीत, मागचा भाग जाड पडद्याने बंद करता यावा. रिकामी खोली घुमते, माणसांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, म्हणून साउंडचेकला कर्कश वाटणारा सिंबल रात्री नरम होतो. मिक्सरवाल्याला घाईने बटणं फिरवू देऊ नका. बारचं काउंटर स्टेजच्या समोर, सगळ्यात मागे ठेवा. बोलायला आलेले लोक तिथे गोळा होतात आणि ऐकायला आलेले पुढे सरकतात. काउंटर स्टेजच्या बाजूला असलं की हळुवार गाण्यात ग्लास आणि गप्पाच ऐकू येतात. नॅशव्हिलचं ब्लूबर्ड कॅफे जेमतेम ९० खुर्च्यांचं आहे. तिथे गाणं चालू असताना बोलणाऱ्याला सरळ गप्प बसायला सांगतात आणि लोक ते मानतात. न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड १९३५ पासून चालू आहे, तेही सव्वाशेच्या आतबाहेर माणसांचं तळघर. जॅझमधली काही अजोड थेट ध्वनिमुद्रणं तिथली आहेत. जागा लहान आहे याची खंत नको.

यंत्रांवर खर्च करताना लोक मोठे स्पीकर घेतात. छोट्या खोलीत ड्रम माइकशिवायच इतके वाजतात की बाकी सगळ्यांना त्यांच्या वर जावं लागतं आणि गायकाचा आवाज बुडतो. आवाज वाढवला की माइक शिट्टी मारतो. म्हणून पैसे आधी वादकांसमोरच्या मॉनिटरमध्ये (त्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर) आणि चांगल्या माइकांमध्ये घाला. श्यूरचा एसएम५८ हा १९६६ सालचा माइक आजही जगभरच्या बारमध्ये आहे, कारण तो पडतो, घामाने भिजतो, तरी चालतो. आवाजाची पातळी मोजत राहा. ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात असं धरलं, तर दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. श्रोता दोन तासांत घरी जातो, पण काउंटरमागची पोरं रोज तिथेच असतात. त्यांच्या कानांसाठी इअरप्लग ठेवा आणि ते घालायला लावा.

पैशाचं थोडक्यात: दारावरची कमाई बँडांची, काउंटरची तुमची, ही जुनी वाटणी सर्वांना समजते. आकडा त्याच रात्री, तिकिटांचा हिशेब दाखवून द्या. बँडलाच आगाऊ तिकिटं विकत घ्यायला लावणारे बार आहेत. तिथे एकदा मित्रमंडळी येतात आणि पुन्हा कोणी फिरकत नाही.

आता ज्या गोष्टीने आमचा बार बंद पडला ती. शेजारी नवी इमारत झाली, लोक राहायला आले आणि तक्रारी सुरू झाल्या. त्यांचंही चुकत नव्हतं, रात्री अकराला त्यांच्या पलंगापर्यंत बास पोचत होता. आम्ही भिंतींना फोम चिकटवला, त्याने काहीच झालं नाही. होणारही नव्हतं: बास गिटारच्या सगळ्यात खालच्या सुराची लहर आठ मीटरहून लांब असते, दोन इंचाच्या फोमला ती जुमानत नाही. त्याला जड भिंत लागते, मध्ये हवेची पोकळी ठेवून दुसरी भिंत लागते, आणि जमिनीपासून सुटं केलेलं स्टेज लागतं. हे नंतर करायला गेलं की परवडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१४ पासून नियम आहे की जो नंतर आला त्याने आवाज रोखण्याची सोय करायची. म्हणजे जुन्या बारशेजारी इमारत बांधणाऱ्याने, किंवा जुन्या घरांशेजारी बार काढणाऱ्याने. त्याआधी २०१० मध्ये मेलबर्नला द टोट हा जुना बार परवान्याच्या कडक अटींमुळे बंद झाला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. पुढे तो पुन्हा सुरू झाला. आमच्यासाठी असा काही नियम नव्हता.

म्हणून जागेच्या करारावर सही करण्याआधी एका रात्री तिथे बास गिटार आणि अँप घेऊन जा. मित्राला सगळ्यात खालची तार वाजवत ठेवायला सांगा, आणि तुम्ही वरच्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवून विचारा की पाच मिनिटं तुमच्या झोपायच्या खोलीत उभा राहू का.