हद्दपार राजकन्या आणि तिची घातक जादू: अशी किशोर कादंबरी मराठीत लिहिताना राज्य आपल्याकडचं ठेवावं की परकं? आणि कोणी छापेल का?

तुम्ही लिहिलंय की नायिका सोळा वर्षांची आहे, तिच्या जादूने माणसं दगावतात आणि वडिलांनीच तिला राज्याबाहेर काढलंय. पण "मुलांना हे जड जाईल, त्यापेक्षा एक दुष्ट प्रधान घाल" असं मित्रांचं म्हणणं आहे. हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला नेमकं तेच लागलं.

प्रधान घालू नका. बाकीचं नंतर सांगते.

मी पुण्यात मुद्रितशोधन करते, तीसेक वर्षं झाली. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या बोळांतून प्रुफं आणायची, घरी तपासायची, लाल करून परत द्यायची. (आता पीडीएफ येते, तरी मी कागदावर काढूनच तपासते.) दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घात इतकी वर्षं गेल्यावर आपणही एक लिहावं असं वाटतंच. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती आणि जाडजूड इंग्रजी फँटसी उशाशी घेऊन झोपायची. तिला मराठीत असलं काही हातात देता येईना, म्हणून २००८ मध्ये मीच लिहायला बसले. तुमच्यासारखीच, हद्दपार राजकन्येची.

माझ्या राज्यात सात विहिरी होत्या. मुलीने विहिरीच्या पाण्यात हात बुडवून मागितलं की ते व्हायचं. ताप उतरायचा, चालून आलेल्या स्वाराचा घोडा जागच्या जागी बसायचा. पण दरवेळी राज्यातली एक विहीर आटायची, आणि कुठली ते तिच्या हातात नाही. चौथी आटल्यावर राजा स्वतः तिला वेशीबाहेर सोडून येतो. ती चौथी तिने आटवलेली असते त्याच्याच तापासाठी. सांगा, ह्यात प्रधान काय करणार?

प्रकाशकांच्या संपादकांनी हस्तलिखित आठ महिने ठेवून घेतलं, मग बोलावलं. तीन सूचना होत्या. एक, बाप वाईट दिसतो, तेव्हा प्रधानाने त्याचे कान भरले असं दाखवा. दोन, शेवटी तिला गादीवर बसवा. तीन, ती परत येते तेव्हा दाराची कडी उघडते आणि त्यावरून तिची आजी तिला ओळखते, तो प्रसंग काढा. "अहो, राजवाड्याला कडी कुठली? अंगठी दाखवा, नाहीतर मानेवर तीळ दाखवा."

ती कडी आमच्या वाड्याची होती.

नारायण पेठेत आमचा वाडा होता. दिंडीची, म्हणजे मोठ्या दरवाजातल्या छोट्या दाराची, कडी बाहेरून उघडायची तर फटीतून दोन बोटं घालून आधी वर उचलायची, मग दार आपल्याकडे ओढून धरायचं आणि मग कडी सरकवायची. नुसती सरकवली की अडलीच. दूधवाला, पोस्टमन, दहा वर्षं येणारी भांडीवाली, सगळे कडी वाजवत उभे राहायचे. घरच्यांना मात्र अंधारातही एका झटक्यात जमायचं.

माझ्या आत्याने १९७१ मध्ये खडकीच्या कारखान्यातल्या एका माणसाशी लग्न केलं. जात वेगळी. आजोबांनी तिच्या नावाने आंघोळ केली. मी तेव्हा वर्षाची, दादा सहा वर्षांचा. आत्याच्या कडेवर वाढलेला, तिच्या हातूनच जेवणारा. त्यानंतर घरात तिचं नावही नाही. हद्दपारी म्हटल्यावर तुम्हाला अरण्य आठवत असेल. आमच्याकडे ती पीएमटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर होती, आणि तेवढंही अंतर १९ वर्षं कोणी ओलांडलं नाही.

१९९० मध्ये आजोबा गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, पेपरातली बातमी वाचून, आत्या आली. मी चौकात धुणं वाळत घालत होते. दिंडी एका झटक्यात उघडली म्हणून मला वाटलं काका आले. आत पांढऱ्या-निळ्या साडीतल्या, मी कधीही न पाहिलेल्या बाई. त्यांनी चपला खांबामागे काढल्या. तिथे पूर्वी चपलांचं फडताळ होतं म्हणे. आता कोणी तिथे काढत नव्हतं. दादा ओसरीवर बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "कोण पाहिजे आपल्याला?"

आत माजघरात आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने नुसता कडीचा आवाज ऐकला होता. आतूनच म्हणाली, "बेबी आली वाटतं."

आत्या पाऊण तास बसली. मोरीवर पाय धुतले, पाणी प्यायली, आजीचा हात धरला आणि बसने परत गेली. पुढे २००१ मध्ये वाडा पाडून इमारत करायचं ठरलं, तेव्हा तिने एका शब्दावर हक्कसोडपत्रावर सही करून दिली. दादाचा फ्लॅट त्याच इमारतीत आहे.

माझ्या राजकन्येनेही शेवटी तेच केलं. परत आली, ओळखली गेली, आणि गादी न घेता गेली. संपादकांना हे "अपुरं" वाटलं. ठीक आहे, त्यांचा धंदा आहे. राग मला दादाचा आला. मी त्याला एक प्रत वाचायला दिली होती. त्याने तीन प्रकरणं वाचली आणि म्हणाला, "आजोबांना राक्षस केलंस. घरातलं चव्हाट्यावर कशाला? प्रधान घाल, ते बरोबर सांगतायत." मी राक्षस केलेलं नव्हतं. माझा राजा बरोबरच होता. चार विहिरी आटल्यावर कोणी काय करावं? प्रधान घातला की राजाही सुटतो, मुलगीही सुटते, आणि ओसरीवर उठून "कोण पाहिजे" विचारणाराही सुटतो. दादा आजही म्हणतो की त्याने तिला ओळखलंच नाही. मी म्हणते ओळखलंस. सहा वर्षांचं पोर जिच्या हातून जेवतं तिचा चेहरा विसरत नाही.

असो. तुमचा प्रश्न राज्याचा होता.

राज्याला नाव काल्पनिक द्या, पण जमीन आपली ठेवा. मराठीत लिहायचं आणि पोरीला बर्फातून देवदारांच्या रानात पळवायचं, शेकोटीपाशी पाव आणि चीज खायला घालायचं, हे मी मुद्रितशोधनात इतक्यांदा वाचलंय की आता समासात फुली मारायचाही कंटाळा येतो. दख्खनमध्ये पळणाऱ्या माणसाची अडचण पाणी असते, भाकरी असते, कुठल्या गावात शिरताना पाटलाला काय सांगायचं ही असते. जादूचे शब्दही इथे पडून आहेत. माझ्या विहिरींवर साती आसरा होत्या, शेंदूर फासलेले दगड. विहिरीतल्या ह्या बायका गावाकडे सगळ्यांना माहीत असतात, पण किशोर कादंबरीत मला तरी दिसल्या नाहीत. आजी श्रावणात नवनाथ भक्तिसाराचे चाळीस अध्याय वाचायची. त्यात भस्म मंत्रून फेकतात, वाताकर्षणाने समोरच्याचा श्वास कोंडतात, उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून बारा वर्षांनी गोरक्षनाथ निघतो. आणखी काय पाहिजे? मात्र देवादिकांना पात्र करू नका. त्यांची रीत घ्या.

आणि "जादू" हा शब्द जपून वापरा. मराठीत जादू म्हटलं की टोपीतला ससा डोळ्यांसमोर येतो. बाईच्या हातात शक्ती आली की आपल्याकडे तिला चेटकीण म्हणतात, आणि त्या शब्दापायी खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे, जीव गेलेले आहेत. तुमच्या नायिकेची जादू घातक आहे ती दोन्हीकडून, हे गोष्टीत यायला हवं. नाहीतर ती नुसती आतषबाजी होते. दाभोलकरांचा खून ऑगस्ट २०१३ मध्ये ह्याच गावात झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या एका प्रकाशकाकडे गेले तर ते म्हणाले, "कायदा आलाय आणि तुम्ही चेटूक लिहिता?" कायदा लोकांना फसवण्याच्या, छळण्याच्या विरुद्ध आहे, गोष्टींच्या नव्हे. हे त्यांनाही माहीत असावं. नकार द्यायला कारण हवं होतं.

हद्दपारीसाठी इतिहास वाचा, पण लढाया वाचत बसू नका. येसूबाई १६८९ मध्ये रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये परत आल्या. तीस वर्षं. त्या निघाल्या तेव्हा राजधानी रायगड होती, आल्या तेव्हा सातारा. त्यांच्याबरोबर सात वर्षांचे शाहू पकडले गेले, ते १७०७ मध्ये सुटून आले, तेव्हा ताराबाईंनी काय म्हटलं? हा तोतया आहे. त्यावरून खेडला लढाई झाली, म्हणजे आपलं राजगुरुनगर. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला तो खरोखरच तोतया निघाला, १७७६ मध्ये त्याला देहान्त दिला. पण मधल्या काळात त्याच्यामागे माणसं, किल्ले सगळं गेलं होतं. आपल्याकडे परत येणाऱ्या राजपुत्राला पहिला प्रश्न "तलवार चालवता येते का" हा नसतो. "तू तोच कशावरून" हा असतो. ताराबाईंना शाहू खरंच ओळखू आले नाहीत, की ओळखायचं नव्हतं? इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत. मला ओसरी दिसते.

तेव्हा तुमची राजकन्या परत येईल तेव्हा अंगठी आणि तीळ नको. घरच्यालाच येईल असं काहीतरी तिच्या हाताला द्या. रांजणाचं झाकण असेल, जात्याचा खुंटा असेल, काहीही.

कोणी छापेल का? माझी नाही छापली, म्हणून ह्या बाबतीत माझं ऐकू नका. आता दिवस बरे आहेत, ऑडिओवरही मराठी गोष्टी ऐकतात लोक. किशोर मासिकाला आधी एखादी छोटी कथा पाठवून बघा. ते बालभारतीचं आहे, १९७१ पासून चालू आहे, आणि ते मासिक खरोखर मुलांच्या हातात पडतं. अख्खी कादंबरी तिथे नाही जमायची.

दोन गोष्टी कबूल करते. माझी कादंबरी मधल्या शंभर पानांत रखडली होती, ह्यात संपादकांची चूक नाही. आणि आत्याला हक्कसोडपत्राचं मनातून काय वाटलं, हे मी तिला कधीच विचारलं नाही. २००५ मध्ये ती गेली. तिने राजीखुशीने सही केली हे मीच धरून चालले, आणि माझ्या राजकन्येलाही तशीच वागवली. तुमच्या नायिकेला गादी हवीच असेल तर घेऊ दे बापडीला. फक्त त्यासाठी बापाला निर्दोष करू नका.

हस्तलिखित पाठवाल तेव्हा प्रत काढून ठेवा. माझ्या तीन प्रती होत्या. एक प्रकाशकांकडून आलीच नाही, एक माझ्या कपाटात आहे, तिसरी दादाकडे. गेल्या दिवाळीला त्याच्याकडे गेले होते तेव्हा काढून पाहिली. तिसऱ्या प्रकरणात कुठल्याशा लग्नपत्रिकेची खूण घातलेली आहे, ती अजून तिथेच आहे.