पिशवी काढायची का, ताई?

कपाशीची वेचणी ऐन भरात होती. त्या दिवसांत आमच्याकडे बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत, मजुरी बुडते. म्हणून ती आली तेव्हाच समजलं, की आता अंगावर काढण्यासारखं काही उरलेलं नाही. वय 38, दोन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. गाव खानदेशातल्या चोपड्याकडचं समजा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. सोबत जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ. हातात सोनोग्राफीची फाइल, आणि बूड टेकायच्या आधीच प्रश्न: "पिशवी काढी टाकू का, ताई?"

एका दवाखान्यात तिला सांगितलं होतं, गाठ आहे, गर्भाची पिशवी सुजली आहे, काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल. जेठाणीची 34व्या वर्षीच काढलेली. तिचं मत एका वाक्यात: "टाकली काढून की सुटली."

मी ऑपरेशनवर बोलायच्या आधी हिशेब मांडते. एका पाळीत 80 मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं तर ते जास्त, असं पुस्तकात असतं. कापड वापरणारी बाई ते कशात मोजणार? म्हणून विचारलं, घडी किती वेळाने बदलता?

"दोन तासाला. वावरात असले की एकावर एक तीन घड्या."

रक्ताच्या गाठी पडतात का? मी पर्समधून दहाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. तिने ते बोटाने जरा लांब सरकवलं. "याच्याहून मोठ्या." रात्री अंथरुणाखाली खताची रिकामी गोणी पसरायची, म्हणजे गादीपर्यंत जात नाही. असे आठ दिवस. हिमोग्लोबिन 7.2. बाईचं किमान 12 हवं.

"आणि कानबाईला काय केलं?" हे मी मुद्दाम विचारते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, रोटांचा स्वयंपाक असतो, आणि घरच्या सुनेला 'अडचण' नको असते. तिने मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या, कुणाला न विचारता. गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिला ती अशी आली, की भांडी घासता घासता भोवळ येऊन पडली. घरात सगळे म्हणाले, देवीचं काहीतरी चुकलं. चुकलं काही नव्हतं. त्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं, ते पिशवीच्या आतल्या अस्तराला धरून ठेवतं. गोळी बंद केली की अस्तर सुटतं. मुळातच जास्त जाणाऱ्या बाईला हा प्रकार जड जाऊ शकतो.

मग रिपोर्ट. गाठ दोन सेंटिमीटरची, पिशवीच्या भिंतीत. आतल्या पोकळीत शिरलेली नव्हती. आणि तो 'बल्की' शब्द! बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांची पिशवी थोडी मोठी असते, पण कागदावरच्या या एका शब्दाने घरं हादरतात. फायब्रॉइडचा, म्हणजे अशा गाठीचा, कॅन्सर निघणं फार दुर्मीळ. वय 45च्या पुढे असेल, किंवा दोन पाळ्यांच्या मधेच रक्त जात असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसला तर एक दिवसही थांबू नये, हे मात्र मी सगळ्यांना बजावते.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला आधी सलाईनमधून लोह दिलं. लोहाच्या गोळ्या तिने पूर्वी सोडल्या होत्या, कारण शौचाला काळं होतं. ते होतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही. फक्त गोळी चहासोबत घ्यायची नाही. पाळीच्या दिवसांपुरती ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी दिली. ही हार्मोनची नाही. रक्तस्राव साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करते. पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर मात्र ही नको. पोटात कळा जास्त असतील तर मेफेनॅमिक ॲसिड, तेही जेवणानंतर. संततिनियमनाच्या नेहमीच्या गोळ्यांनीही पाळी आटोक्यात येते, पण बीपी असेल तर त्या चालत नाहीत. 'छाया' नावाची बिनहार्मोनची गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. ती गर्भ राहू नये म्हणून असली, तरी तेच औषध डॉक्टर जास्त जाणाऱ्या पाळीवरही देतात.

दोन पाळ्या गोळ्यांवर गेल्या. फरक पडला, पण पुरेसा नाही. तेव्हा हार्मोनच्या तांबीचा विषय निघाला.

"माझं तर ऑपरेशन झालंय, मग तांबी कशाला?"

अगदी रास्त प्रश्न. साध्या कॉपर-टीने रक्त वाढू शकतं, ही वेगळी. ही अस्तरावर रोज अगदी थोडं हार्मोन सोडते, अस्तर पातळ राहतं, आणि पाच वर्षं काम करते. बाजारात हिला काही हजार मोजावे लागतात, ते मी लपवत नाही. यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "पाळी बंद झाली तर ते घाण रक्त साठेल कुठे?" साठत नाही. अस्तर वाढलंच नाही तर बाहेर पडायला काही नसतं. पेरलंच नाही तर काढायचं काय, असं मी म्हटलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

पुढे चूक माझी झाली. "थोडे दिवस डाग पडतील," असं मी सांगितलं. दीड महिन्याने ती तणतणत आली. रोज डाग, रोज कापड, काढून टाका म्हणाली. माझ्या 'थोडे'त तीन ते सहा महिने होते, तिच्या 'थोडे'त आठवडा. तेव्हापासून मी कॅलेंडर काढून महिन्यावर बोट ठेवते. तिने आणखी दोन महिने धीर धरला, मग डाग विरळ झाले. आषाढात हिमोग्लोबिन 11.4 होतं.

मी पिशवी काढण्याच्या विरोधात नाही. मोठ्या गाठी, अस्तरात कॅन्सरची चाहूल, सगळे उपाय करून थकलेली आणि समजून-उमजून ठरवणारी बाई, अशांना मीच ऑपरेशनसाठी पाठवते. फक्त बीजकोश, म्हणजे अंडाशय, ठेवणार की काढणार, हे आधी विचारायला लावते. ते काढले तर पाळी जाण्याचं वय एका रात्रीत येतं: अंगातून वाफा, उडालेली झोप, पुढे ठिसूळ हाडं.

कानबाईच्या आठवड्यात जेठाणी एकटीच आली. घरी रोटांची कणीक तिंबायची होती, लवकर परतायचं होतं. गेली चार वर्षं रात्री घामाने जाग येते, म्हणाली. हातातल्या थैलीतून घडी केलेलं, कडा विरलेलं डिस्चार्ज कार्ड काढून तिने माझ्यासमोर पसरलं.

"ह्या कागदमा काय लिखेल शे, सांगा ना ताई. मन्ह काय काय काढं?"