घानामध्ये अक्राहून कुमासीला कसे जावे आणि शहरात कशाने फिरावे?

कुमासीला जाण्यासाठी इंटरसिटी एसटीसी या बस कंपनीची सकाळची बस घ्यावी आणि शहरातल्या शहरात ट्रोट्रोने फिरावे. अंतर सुमारे 250 किलोमीटर असले तरी वाटेतील गर्दीमुळे पाच-सहा तास सहज लागतात. एसटीसीचे तिकीट आगाऊ मिळते व गाडीला ठरलेली वेळ असते, तर ‘व्हीआयपी’सारख्या इतर कंपन्यांच्या बस बहुधा प्रवासी भरल्यावरच सुटतात. ट्रोट्रो म्हणजे बहुतेक जुन्या, दुसऱ्या देशांतून आलेल्या व्हॅन. त्यांना वेळापत्रक नसते, पण त्या स्वस्त असतात आणि जवळपास सगळीकडे पोहोचतात. दारातून डोकावणारा ‘मेट’, म्हणजे वाहक, ठिकाणाचे नाव ओरडतो आणि हाताने खूणही करतो. अक्रातील ‘सर्कल’ या चौकाकडे जाणारी गाडी असेल तर तो तर्जनी खाली रोखून गोल फिरवतो. भाडे पुढच्या प्रवाशांच्या हातातून त्याच्यापर्यंत जाते, म्हणून सुट्टे सेडी (घानाचे चलन) जवळ ठेवावेत. टॅक्सी एकट्यासाठी केल्यास तिला ‘ड्रॉपिंग’ म्हणतात. मीटर नसल्याने बसण्यापूर्वीच भाडे ठरवून घ्यावे, किंवा बोल्ट, उबर यांपैकी एखादे अ‍ॅप वापरावे. मात्र सामान जड असल्यास किंवा अंधार पडल्यावर ट्रोट्रोऐवजी टॅक्सीच बरी, आणि शहराबाहेरचा रात्रीचा प्रवास शक्यतो टाळावाच, कारण महामार्गावर बंद पडलेले ट्रक अनेकदा दिव्यांविना उभे असतात.