पहिल्यांदाच आपल्या चर्चच्या युवकांची गोव्याला यात्रा काढतोयस ना?

जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या तीन डिसेंबरच्या सणाला जाऊ नकोस. त्या दिवशी गर्दीत पोरं सांभाळण्यातच जीव जातो. नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते. तेव्हा किंवा सरळ जानेवारीत जा. कोल्हापुरातून आजरा-आंबोलीमार्गे पहाटे निघा, आणि घाट लागायच्या आधी कुणाला पोटभर खाऊ देऊ नकोस.

ठिकाणं कमी ठेव. बॉम जेझू बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत आहेत. तिथे निदान अर्धा तास शांत बसू दे, फोटो नंतर. मग संत ऑगस्टीन चर्चचा पडका मनोरा. तिथली घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते, हे सांगितलंस की पोरं पणजीत आपणहून थांबतात.

पण राशोलची सेमिनरी, म्हणजे फादर घडवणारी शाळा, मात्र चुकवू नकोस! जुन्या गोव्यापासून लांब पडतं म्हणून बहुतेक गट ते गाळतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने (येशूसंघाच्या धर्मगुरूने) मराठी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये तिथेच छापलं गेलं. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' हा मराठीचा गौरव त्यातलाच. आम्ही ते अंगणात मोठ्याने वाचलं, तेव्हा आपली पोरं एकदम गप्प झाली होती. सेमिनरी आजही चालू आहे, म्हणून आधी फादरांकरवी परवानगी घे.

मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वेळही आधीच ठरव. खांदे झाकणारे कपडे सगळ्यांनाच सांग, फक्त मुलींना नको. आणि पालकांच्या सह्या घेतल्याशिवाय गाडी ठरवू नकोस.