आमटीतली गोळी आणि चार ते सातची वेळ

"त्यांना न कळता जेवणातून देता येईल असं दारू सुटायचं औषध सांगा." व्यसनमुक्तीच्या कामात हा प्रश्न सतत येतो. मोहोळकडच्या एका पैलवानाच्या बायकोने तर कुणीतरी दिलेली गोळी चार दिवस आमटीत घातलीही होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यावर तो प्यायला. चेहरा लालबुंद, धाप, छातीत धडधड. ती गोळी डायसल्फिरामची होती. ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ही गोळी रुग्णाच्या संमतीने, यकृत-हृदयाची तपासणी करूनच दिली जाते. बाईंना बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्या घाबरून गेल्या होत्या.

गुडघा गेला आणि पस्तिशीत कुस्ती सुटली. तालमीतले दोस्त कौतुकाने म्हणत, "गड्याला चढतच नाही." न चढणं ही ताकद नव्हे. शरीराला दारू सरावल्याची ती खूण आहे.

पहिला ग्लास किती वाजता, एवढंच आठवडाभर लिहायला सांगितलं. रोज साडेचार-पाच. वीस वर्षं याच वेळी तो लंगोट कसून कुस्तीच्या हौद्यात उतरत होता!

"उद्यापासून बंद" म्हणाला, तेव्हा त्याला थांबवावं लागलं. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. म्हणून सोलापूरच्या सिव्हिलमध्ये भरती, थायमिनची (बी-1 जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं, आणि हा त्रास आवरायला डोस रोज कमी करत आठवडाभर वेगळ्या गोळ्या.

खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. वस्तादांनी त्याला चार ते सात पोरांना ढाक, कलाजंग हे डाव दाखवायला बसवलं, गुडघ्यामुळे हौद्याच्या कडेला खुर्चीवर. निघण्याआधी दूध-केळी, कारण रिकाम्या पोटी तलफ वाढते. तलफ बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पोरांच्या बैठका मोजायच्या.

तिसऱ्या आठवड्यात गावाने घाई केली. यात्रेच्या फडात हलगी लावून, माइकवर त्याच्याकडून शपथ घेतली. आम्ही नको म्हटलं होतं. त्याच रात्री मटणाच्या पंगतीनंतर जुन्या जोडीदारांसोबत तो प्यायला आणि लाजेने आठ दिवस तालमीत फिरकला नाही. चारचौघांत शपथ घेतलेल्या माणसाला घसरल्यावर मदत मागणं फार जड जातं. बायकोने त्या रात्री वाद घातला नाही, सकाळी आम्हाला फोन केला, म्हणून धागा तुटला नाही. पुढच्या फडाला तो मुलाला घेऊन गेला आणि पंगत बसण्याआधी परतला.

वर्ष उलटल्यावर तो शाळांत बोलू लागला. मावा, गुटखा, आणि कुस्तीआधी दम वाढावा म्हणून काही पोरं टोचून घेतात ते मेफेंटरमिनचं इंजेक्शन. भूल देताना उतरलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध. खेळाडूंना त्यावर बंदी आहे. त्याने झोप उडते, ठोके बिघडतात, संशय बळावतो.

डायसल्फिरामची गोळी आता तो स्वतःच घेतो, सकाळी चहानंतर, बायकोसमोर. विचारायला कुणी नसेल तर 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.