इंग्लंडच्या खेड्यात पूर्वी गावकी असायची का? आज ती कुठे पाहायला मिळते?

असायची. इंग्लंडच्या मध्य भागात तर शतकानुशतकं शेती गावाच्या सामाईक निर्णयानेच चालायची. आज पाहायची असेल तर कॉट्सवोल्ड्समधली फोटोंतली सुबक गावं सोडा आणि लॅक्स्टन गाठा. नॉटिंगहॅमशर परगण्यात, न्यूअर्क आणि ओलरटन यांच्या मधे, जेमतेम अडीचशे वस्तीचं गाव आहे. मी नॉटिंगहॅमला राहतो, त्यामुळे इकडे येणाऱ्या पाहुण्यांना आवर्जून तिथे नेतो. ‘इथे बघायचं काय?’ हा प्रश्न दरवेळी येतोच, कारण वरवर पाहिलं तर एक रस्ता, लाल विटांची घरं, चर्च आणि पब, एवढंच.

पण घरांकडे नीट बघा. शेतकऱ्यांची घरं गोठे-कोठारांसकट गावातच, रस्त्याला खेटून, बरीचशी अरुंद बाजू रस्त्याकडे करून उभी. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याचं घर त्याच्या जमिनीच्या मधोमध एकटंच असतं. इथे तसं करून चालायचं नाही, कारण जमीन एका जागी नाहीच. गावाभोवती तीन मोठी शेतं आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. प्रत्येक शेत लांबट पट्ट्यांत वाटलेलं आहे आणि एकेका शेतकऱ्याचे पट्टे तिन्हीकडे विखुरलेले. पट्ट्यांच्या मधे ना कुंपण ना झुडपांची रांग. इथली माती जड, चिकण, पावसात नांगर धरून ठेवणारी. चांगली जमीन एकाला आणि पाणथळ दुसऱ्याला असं होऊ नये, हा या विखुरण्याचा एक फायदा.

कुंपण नाही म्हटल्यावर मनाला येईल ते पेरण्याची सोयही नाही. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक, आणि दरवर्षी पाळी पुढे सरकणार. पूर्वी पडीक शेतावर आणि कापणीनंतरच्या धसकटांवर सगळ्या गावाची गुरं चरायची. तुम्ही एकट्यानेच मधल्या पट्ट्यात उशिराचं पीक घेतलंत तर गुरं ते फस्त करणार, म्हणजे भांडण ठरलेलं. आता पडीक शेतात बहुधा चाऱ्याचं पीक असतं, पण तीन वर्षांचा फेरा तसाच आहे.

आणि हे सगळं सांभाळायला आहे ‘कोर्ट लीट’, म्हणजे जमीनदाराच्या नावाने भरणारं गावाचं न्यायालय. माझ्या मते लॅक्स्टनमधली खरी बघण्यासारखी गोष्ट हीच. नोव्हेंबरच्या अखेरीस नुकत्याच पेरलेल्या गव्हाच्या शेतात पंच फिरतात. पंच म्हणजे कुणी बाहेरचे साहेब नव्हेत, गावचेच शेतकरी, गमबूट घालून. कुणी नांगरताना बांध कोरलाय का, रस्त्यात किंवा सामाईक गवतात फाळ घुसवलाय का, चर साफ ठेवलाय का, हे बघत जायचं. हद्द कुठून जायला हवी यावर दोघं-तिघं वाकून नजर लावतात, थोडी हुज्जत होते, मग तिथे लाकडी खुंटी ठोकतात. खुंटी ओलांडून गेलेली नांगरट म्हणजे अतिक्रमण, बोलायचं काम नाही. त्यानंतर डव्हकोट इन या पबमध्ये जेवण आणि दंडाची चर्चा. आठवड्याभराने त्याच पबमध्ये न्यायालय भरतं, जमीनदाराचा स्टुअर्ड, म्हणजे कारभारी, अध्यक्षस्थानी असतो, दंड जाहीर होतात आणि पुढच्या वर्षाचे पंच शपथ घेतात. रक्कम किरकोळ असते. पण शेजाऱ्यांसमोर, बिअरचा ग्लास हातात असताना आपलं नाव वाचलं जाणं, हा दंड किरकोळ म्हणता येणार नाही!

याला कुणी पर्यटकांसाठीचा देखावा म्हणेल, म्हणून सांगतो: १९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनला मुद्दाम वगळलं.

बाकीच्या गावांचं काय झालं? १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने पाच हजारांहून जास्त कायदे करून सुमारे ६८ लाख एकर खुली शेतं आणि गायरानं कुंपणाखाली आणली. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना सलग तुकडे मिळाले. ज्यांचा हक्क नुसता एक गाय चारण्यापुरता होता त्यांच्यातले कित्येक मजूर झाले. लॅक्स्टनमध्येही बरीच जमीन हळूहळू कुंपणात गेली. उरलेली वाचली ती कुणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोन मोठ्या जमीनदारांचं एकोणिसाव्या शतकात वाटणीवर जमलं नाही, असं त्याचं कारण सांगतात. मला ते पटतं. मोठ्यांच्या न जुळण्याने लहानांचं भलं झाल्याचं उदाहरण इतिहासात विरळाच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अर्ल मॅनव्हर्सने अरुंद पट्टे जोडून रुंद केले, त्यामुळे आज दिसते ती रचना मध्ययुगातली जशीच्या तशी नाही. मूळची पाहायची तर १६३५ चा नकाशा पाहा. त्या वेळचा मालक सर विल्यम कोर्टन याच्यासाठी मार्क पियर्सने तो केला आणि आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. एकेक पट्टा तर त्यात आहेच, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी छोटी माणसंही चितारली आहेत. मोजणीच्या कागदावर एवढी हौस कोण करतं!

१९५२ मध्ये त्या वेळच्या अर्ल मॅनव्हर्सने गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकलं, ही पद्धत टिकावी म्हणून. १९८१ मध्ये ते राजसत्तेच्या मिळकती सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून मॅनव्हर्सच्याच घराण्याच्या मिळकतीत. इथले शेतकरी बहुतेक कुळं आहेत, हे विसरून ‘लोकांचं राज्य’ वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. मालक वरचाच. पण कुणाचा फाळ कुठवर जावा, हे तो ठरवत नाही, शेजारी ठरवतात, आणि मला तरी ते मालकी कुणाकडे आहे यापेक्षा मोलाचं वाटतं. अर्थात ट्रॅक्टर आणि बाजारभाव दोन्ही सलग, मोठ्या शेताच्या बाजूचे आहेत, त्यामुळे पट्टे कसणाऱ्याला हे सोपं जात नाही.

जाणार असाल तर गाडी काढा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर शेतांमधल्या न नांगरलेल्या गवताळ पट्ट्या, ज्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात, फुलांनी भरलेल्या दिसतील. त्या सामाईक असतात आणि त्यांच्या गवताचा गावात लिलाव होतो, तेव्हा तुडवू नका, पायवाटेनेच चाला. उत्तरेच्या टोकाला नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी आहे. शेरवुड जंगलाचे रखवालदार इथेच राहायचे. चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या कबरींवरचे दगडी पुतळे आहेत, त्यांतला एका स्त्रीचा मात्र लाकडाचा आहे, तो चुकवू नका. पबमध्ये जेवायचं असेल तर आधी फोन करून जा.