काउंटरवर शाफ्ट ठेवून मागितलेलं ब्लेड

प्रश्न: आम्ही कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात, ब्रॅम्प्टनला राहतो. मुलगी आइस हॉकी खेळते. तिच्या काँपोझिट स्टिकचं ब्लेड (खालचं पातं) मोडलं, शाफ्ट (दांडा) मात्र धडधाकट होता. तो घेऊन मी दुकानात गेलो, काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, 'याला बसेल असं ब्लेड द्या.' तिथल्या मुलाने शाफ्टकडे पाहून 'कुठलंही स्टँडर्ड बसेल' असं सांगितलं आणि दोन दिली. करासकट १२४.२८ डॉलर. घरी आल्यावर कळलं की शाफ्ट टेपर्ड, म्हणजे खाली निमुळता, आहे. एका ब्लेडची खुंटी (शाफ्टमध्ये घुसणारं टोक) घासून पाहिली, मग हीटगनने शाफ्टचं तोंड तापवलं, तर ते तडकलं. ऑनलाइन आणखी एक टेपर्ड ब्लेड ४५ डॉलरला मागवलं, ते ज्युनियर साइझचं निघालं. दुकानदार पावतीवरचा 'फायनल सेल'चा (विकलेला माल परत नाही) शिक्का दाखवतो. स्टिकची कंपनी म्हणते, या शाफ्टची ब्लेडं आता बनत नाहीत. दोघांवर दावा लावता येईल का?

उत्तर:

तुमचा राग समजतो, पण दोघांवर नको. दुकानदाराविरुद्ध तुमची बाजू चांगली आहे, आणि तिचं सगळं बळ तुम्ही सहज करून गेलात त्या एका गोष्टीत आहे: शाफ्ट सोबत नेलात.

भारतातल्या वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडची मैदानी हॉकीची स्टिक अखंड असते. बर्फावरच्या हॉकीतल्या दोन तुकड्यांच्या स्टिकमध्ये पोकळ शाफ्टच्या तोंडात ब्लेडची खुंटी हॉट ग्लूने बसवतात. ब्लेड मोडलं की तोंड तापवून जुनी खुंटी ओढून काढायची आणि नवी घालायची. स्टँडर्ड शाफ्ट शेवटपर्यंत सारखा जाड असतो, टेपर्ड खाली निमुळता होतो. म्हणून स्टँडर्डची जाड खुंटी टेपर्डमध्ये जात नाही. शिवाय ज्युनियर, इंटरमीजिएट, सीनियर ही मापं वेगळी, आणि उजवं-डावं आहेच. अखंड काँपोझिट स्टिकांनी बाजार काबीज केल्यापासून सुट्या ब्लेडांचा खप घटला, त्यामुळे दुकानातल्या नव्या पोराला हा फरक ठाऊक नसणं मला अजिबात नवल वाटत नाही. त्याचं अज्ञान हा मात्र दुकानाचा बचाव नव्हे.

आता कायदा. तुम्हाला दिलेली ब्लेडं सदोष नाहीत. दुसऱ्या कुणाच्या स्टँडर्ड शाफ्टला ती छान बसतील. त्यामुळे 'माल खराब निघाला' अशी तक्रार केलीत तर हराल. तुमची तक्रार आहे 'सांगितलेल्या कामाला माल उपयोगी नाही' अशी. ओंटारियोच्या सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम १५ म्हणतं की ग्राहकाने माल कशासाठी हवा ते सांगितलं, विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि तसला माल विकणं हा विक्रेत्याचा धंदाच असला, तर तो माल त्या कामाला योग्य असेल ही अट करारात लिहिलेली नसली तरी धरली जाते. शाफ्ट काउंटरवर ठेवून 'याला बसेल असं द्या' म्हणणं म्हणजे हेच.

याच कलमात एक खोच आहे, आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक तिथेच अडकतात. गिऱ्हाइकाने ठरावीक वस्तू तिच्या ट्रेडनावाने मागितली, तर ही अट लागत नाही. तुम्ही कंपनीचं आणि मॉडेलचं नाव घेऊन 'ते द्या' म्हटलं असतंत, तर दुकानदार म्हणाला असता, मागितलंत ते दिलं. म्हणून पत्रात नेमके शब्द लिहा आणि त्यात ब्रँडचं नाव मागाहून घुसडू नका.

शिक्क्याचं भय बाळगू नका. कंझ्युमर प्रोटेक्शन ॲक्ट, २००२ च्या कलम ९ नुसार ग्राहकाच्या खरेदीत या अटी रद्द करणारा मजकूर निरर्थक ठरतो. नुसतं मन बदललं म्हणून परत करायला गेला असतात तर शिक्का चालला असता. दुकानातल्या साध्या खरेदीला ओंटारियोत 'इतक्या दिवसांत परत करा' असा सर्वसाधारण हक्क नाही. इथे मन बदललेलं नाही, ब्लेड बसलेलं नाही.

न घासलेलं ब्लेड परत द्या आणि त्याचे पूर्ण ६२.१४ मागा. घासलेल्याचं अवघड आहे. खुंटीला कानस लावलीत तेव्हा कायद्याच्या भाषेत तुम्ही तो माल स्वीकारलात. मग माल परत करता येत नाही, नुकसानभरपाई तेवढी मागता येते. तरी कंझ्युमर प्रोटेक्शन ॲक्टचं कलम १८ मदतीला येतं. विक्रेत्याने चुकीची माहिती देऊन विकलं असेल, मग ते मुद्दाम असो वा अजाणता, तर करारापासून एका वर्षाच्या आत कळवून करार मोडता येतो. वस्तू परत करणं शक्य नसेल तर भरलेली रक्कम आणि वस्तूची किंमत यांतला फरक मागता येतो. 'तोंडी बोलण्याला पुरावा काय?' असं दुकानदार म्हणेल. या कलमाखालच्या खटल्यात तोंडी साक्ष चालते, लेखी पावती असली तरी. मुलगी सोबत होती का? असेल तर तिच्या आठवणीत काय आहे ते आजच कागदावर उतरवून घ्या.

तडकलेल्या शाफ्टचं विसरा. हीटगन तुमच्या हातात होती.

ऑनलाइनच्या ब्लेडचंही विसरा. इंटरनेट करारांचे खास नियम ५० डॉलरच्या वरच्या खरेदीला लागतात, तुमची ४५ची. वर्णनात ज्युनियर लिहिलेलं असेल आणि ज्युनियरच आलं, तर वर्णनाशी माल जुळतो. त्या दुकानाच्या रिटर्न पॉलिसीत जमलं तर पाहा.

राहिली कंपनी. सुटे भाग वाजवी काळ उपलब्ध असलेच पाहिजेत, असा नियम क्वेबेकच्या ग्राहक कायद्याच्या कलम ३९ मध्ये आहे, तोही देखभाल लागणाऱ्या वस्तूंपुरता. तुमची खरेदी ओंटारियोची. इथे तसं कलम नाही. २०२४ मध्ये ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या संसदेने, दुरुस्तीच्या हक्कासाठी कॉपीराइट कायद्यात जे बदल केले, ते सॉफ्टवेअरच्या डिजिटल कुलपांबद्दल आहेत. हॉकी स्टिकला कुलूप नसतं.

तेव्हा दुकानाच्या मालकाला, काउंटरवरच्या पोराला नव्हे, एक ईमेल लिहा: तारीख, पावती क्रमांक, शाफ्ट काउंटरवर ठेवला होता ही गोष्ट, दोघांचे शब्द, किती पैसे हवेत आणि दहा दिवसांची मुदत. धमकी नको. मुदत उलटली तर प्रांताच्या ग्राहक संरक्षण खात्याकडे तक्रार करा. स्मॉल क्लेम्स कोर्टात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण दावा दाखल करायची फीच शंभर डॉलरच्या आसपास आहे, आणि वकिलाचं बिल धरलंत तर माझं हे उत्तरसुद्धा तुमच्या ब्लेडांहून महाग पडलं असतं.

एक शेवटचं. रिंकवरचं कुणीतरी तुम्हाला सांगेलच की तडकलेला निमुळता भाग करवतीने कापून टाका, वरच्या जाड भागात स्टँडर्ड ब्लेड बसेल, आणि कमी झालेली लांबी वरच्या टोकाला लाकडी तुकडा घालून भरून काढा. खेळाडू हे करतात, स्टिक थोडी ताठ होते एवढंच. पण शाफ्ट टेपर्ड होता हे दाखवणारी वस्तू तुमच्याकडे तेवढीच आहे. पैसे हातात येईपर्यंत करवत लावू नका. तोवर शाफ्टच्या तोंडाचे फोटो काढा, शेजारी पट्टी आणि न घासलेलं ब्लेड ठेवून.